पांढऱ्या फळ्यावरचा देव : ‘हाऊस’ मालिकेतील श्रद्धा आणि संशय

मराठीत ‘चिकित्सा’ हा शब्द दोन कामे करतो. वैद्य रोग्याची चिकित्सा करतो आणि अभ्यासक ग्रंथाची, परंपरेची, धर्माची चिकित्सा करतो. एखाद्याला ‘चिकित्सक’ म्हटले तर तो डॉक्टर आहे की प्रत्येक गोष्टीत शंका काढणारा आहे, हे संदर्भावरूनच ठरते. ‘हाऊस’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेचा नायक डॉ. ग्रेगरी हाऊस दोन्ही अर्थांनी चिकित्सक आहे. तो असाध्य वाटणाऱ्या रोगांचे निदान करतो आणि समोर आलेल्या प्रत्येक श्रद्धेची सालटी काढतो. रोगाची चिकित्सा आणि श्रद्धेची चिकित्सा एकच माणूस एकाच खाटेजवळ उभा राहून करू लागला तर काय होते? पहिलीला दुसरीची मदत होते की अडथळा? मालिकेतील काही निवडक भाग पुन्हा पुन्हा पाहून या प्रश्नाचे जे उत्तर मला मिळाले, ते या लेखात मांडतो आहे.

‘हाऊस’ १६ नोव्हेंबर २००४ रोजी फॉक्स वाहिनीवर सुरू झाली आणि २१ मे २०१२ रोजी संपली. आठ पर्वांत मिळून १७७ भाग झाले. डेव्हिड शोर हा तिचा कर्ता, मूळचा कॅनडाचा आणि आधी पेशाने वकील. नायकाची भूमिका ह्यू लॉरी या ब्रिटिश नटाने केली. घटनास्थळ न्यू जर्सीतील ‘प्रिन्स्टन-प्लेन्सबरो’ हे काल्पनिक शिक्षण-रुग्णालय. कथेचा साचा ठरलेला : कोणालाच न उमगलेली लक्षणे घेऊन रुग्ण येतो, हाऊस आणि त्याचे तरुण सहकारी ती लक्षणे पांढऱ्या फळ्यावर लिहितात, दोन-तीन चुकीची निदाने होतात, रुग्ण मरणाच्या दारात पोहोचतो आणि शेवटी भलत्याच विषयावरच्या बोलण्यातून हाऊसला खरे उत्तर सुचते. धर्म हा मालिकेचा रोजचा विषय नाही. पण जेव्हा तो येतो, तेव्हा लेखकांनी हात राखून लिहिलेले नाही. म्हणूनच हे मोजके भाग अभ्यासण्याजोगे आहेत.

साचाच कोणाच्या बाजूचा?

हाऊस हा शेरलॉक होम्सचा वंशज आहे, ही गोष्ट मालिका लपवत नाही. ‘होम्स’ आणि ‘हाऊस’, ‘वॉटसन’ आणि ‘विल्सन’ ही नावांची जोडी, होम्सचे अमली पदार्थ आणि हाऊसच्या व्हायकोडिनच्या गोळ्या, हाऊसच्या घराचा २२१ ब हा क्रमांक, सगळे उघड आहे. या वंशावळीत मागे गेले की एक विसंगती हाती लागते. होम्सचा निर्माता आर्थर कॉनन डॉईल स्वतः डॉक्टर होता. होम्सची निरीक्षणशक्ती त्याने एडिंबरोतील आपले शिक्षक डॉ. जोसेफ बेल यांच्यावरून घेतली. पण हाच डॉईल पुढे मृतात्म्यांशी संवाद साधता येतो असे मानू लागला, त्यासाठी त्याने देशोदेशी व्याख्याने दिली, आणि १९२२ मध्ये पऱ्यांच्या छायाचित्रांचे समर्थन करणारे अख्खे पुस्तक लिहिले. तरीही होम्सच्या कथांत त्याने भुताला शिरू दिले नाही. बास्करव्हिलचा नरकातून आल्यासारखा दिसणारा कुत्रा शेवटी फॉस्फरस लावलेला साधा कुत्रा निघतो. १९२४ च्या ससेक्समधील ‘व्हँपायर’च्या कथेतही रक्तपिपासू पिशाच कोणी नसते.

डॉईलचा वैयक्तिक विश्वास काहीही असला तरी रहस्यकथेचा साचा त्याला मुभा देत नव्हता. या साच्याचा पहिला नियम असा की प्रत्येक खुणेला कारण असते आणि ते कारण याच जगातले असते. दैवी हात मान्य केला तर वाचकाची फसवणूक होते, कथा कोसळते. ‘हाऊस’ने हाच साचा वैद्यकात आणला. खुणेच्या जागी लक्षण आले, गुन्हेगाराच्या जागी रोग आला. त्यामुळे देव या मालिकेत पाऊल टाकतो तेव्हा खेळाचे नियम आधीच त्याच्या विरुद्ध ठरलेले असतात. फळ्यावर त्याला एकच जागा मिळू शकते : लक्षणांच्या यादीतली.

म्हणून ‘हाऊस देवाला हरवतो’ एवढेच सांगणे हे काही निरीक्षण नव्हे. साचाच तसा आहे. खरा प्रश्न असा की हा एकतर्फी सामना खेळताना लेखक कुठे थबकतात.

तांब्याचा क्रूस

पहिल्या पर्वातील ‘डॅम्ड इफ यू डू’ या भागात (१४ डिसेंबर २००४) सिस्टर ऑगस्टिन ही जोगीण सुजलेले, लाल, भेगाळलेले तळवे घेऊन येते. तिच्या मठातल्या बायकांना त्यात ख्रिस्ताच्या जखमांच्या खुणा दिसतात. हाऊसला त्यात त्वचेची ॲलर्जी दिसते. त्याने दिलेल्या औषधानंतर तिची प्रकृती बिघडते, आणि हाऊसनेच जास्त मात्रा टोचली का, असा संशय सहकाऱ्यांना येऊ लागतो. शेवटी उत्तर सापडते ते तिच्या शरीरात. मठात येण्याआधीच्या आयुष्यात बसवलेली, क्रूसाच्या आकाराची तांबी तिच्या गर्भाशयात तशीच राहून गेली आहे आणि तिला तांब्याची ॲलर्जी आहे.

लेखकांनी योजलेली ही प्रतिमा पाहण्यासारखी आहे. जिने गळ्यात क्रूस घातला, तिला पोटातला क्रूस आजारी पाडतो. नास्तिक प्रेक्षकाने यावर टाळी द्यावी अशीच योजना दिसते. पण त्या क्रूसाचा धर्माशी संबंध नाही. तो तिच्या किशोरवयातील आयुष्याचा अवशेष आहे, जे तिने मठाच्या दारातून आत येताना मागे टाकले असे मानले होते. हाऊसचे ब्रीद ‘सगळे खोटे बोलतात’ हे इथे खरे ठरते, पण ती खोटे बोलली ते देवाविषयी नव्हे, स्वतःच्या भूतकाळाविषयी.

याच भागात मालिकेने एक तिसरा माणूस आणून ठेवला आहे. हाऊसचा तरुण सहकारी डॉ. रॉबर्ट चेस धर्मगुरू होण्याचे शिक्षण अर्धवट सोडून वैद्यकाकडे वळलेला आहे. जोगिणींविषयी त्याच्या मनात अढी आहे. मृत्यूच्या भीतीने सिस्टरचा विश्वास डळमळतो तेव्हा तिच्याजवळ बसून धीर देतो तो चेसच, आणि त्यासाठी जे शब्द वापरतो ते ज्या शिक्षणाकडे त्याने पाठ फिरवली तिथलेच. त्याचा स्वतःचा विश्वास उरला आहे की नाही, हे आपल्याला कळत नाही. हाऊसच्या निदानाने तिचे प्राण वाचतात. चेसच्या बोलण्याने निदान होईपर्यंतची रात्र निभावते. दोन वेगळी कामे दोन वेगळी माणसे करतात, आणि मालिका एकाला दुसऱ्याच्या जागी बसवत नाही.

गुण कोणाचे लिहायचे?

दुसऱ्या पर्वात हा सामना अक्षरशः फळ्यावर येतो. ‘हाऊस व्हर्सेस गॉड’ (२५ एप्रिल २००६) या भागात बॉइड नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा दाखल होतो. तो सभांमध्ये रोग्यांना हात लावून बरे करतो असा लौकिक आहे. देव आपल्याशी बोलतो असे तो म्हणतो. रुग्णालयात हिंडताना तो विल्सनच्या उपचाराखाली असलेल्या ग्रेस या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रीला स्पर्श करतो, आणि तिची गाठ खरोखरच आकसते. चेस फळ्यावर दोन रकाने आखतो, एक हाऊसचा आणि एक देवाचा, आणि क्रिकेटचा धावफलक ठेवावा तसे गुण लिहू लागतो.

उलगडा असा होतो की बॉइडला लैंगिक संबंधातून हर्पीसचा संसर्ग झाला आहे. तो मेंदूपर्यंत पोहोचल्यामुळे त्याला आवाज ऐकू येतात. त्याच्या स्पर्शाबरोबर तोच विषाणू ग्रेसच्या शरीरात गेला आणि त्याने गाठीवर हल्ला केला. देवाचे दोन्ही गुण एकाच फटक्यात पुसले जातात, आणि वर मुलाच्या पावित्र्यावरही डाग पडतो.

इथे एक दखल घेतली पाहिजे. कर्करोगाच्या पेशी विषाणूकडून मारवून घेण्याची कल्पना थट्टेतली नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये, म्हणजे हा भाग दाखवल्यानंतर साडेनऊ वर्षांनी, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मेलानोमा या कर्करोगावर याच जातीचे पहिले औषध मंजूर केले. ते हर्पीसच्याच विषाणूत जनुकीय बदल करून तयार केलेले आहे. पण ते गाठीत सुईने टोचावे लागते, अनेकदा टोचावे लागते, आणि सर्वांना गुण येतोच असे नाही. एका मुलाने एकदा हात लावला, त्वचेवरून विषाणू आत गेला, रक्तातून नेमका गाठीत पोहोचला आणि काही दिवसांत ती आकसली, हे घडण्याची शक्यता किती? म्हणजे पटकथेने चमत्कार खोडून काढण्यासाठी जे स्पष्टीकरण दिले, ते चमत्काराइतकेच दुर्मिळ आहे.

हा पटकथेचा दोष म्हणून सोडून देता येईल. मला तो दोष बोलका वाटतो. स्पष्टीकरण कितीही ओढूनताणून आणलेले असो, ते या जगातले आहे एवढ्यावर हाऊस समाधान पावतो. ‘काहीतरी कारण असणारच’ हा त्याचा विश्वास पुराव्याच्या आधी आलेला आहे. संशोधकाला असा विश्वास लागतोच. त्याच्याशिवाय कोणी शोध घेणार नाही. पण तो विश्वास आहे, निष्कर्ष नव्हे. फळ्यावर गुण लिहिणाऱ्या चेसने तिसरा रकाना आखायला हवा होता : अजून ठाऊक नाही. रहस्यकथेच्या साच्यात तो रकाना बसत नाही. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत गाठ सुटलीच पाहिजे.

यादीतून वगळलेले लक्षण

चौथ्या पर्वातील ‘डोन्ट एव्हर चेंज’ (५ फेब्रुवारी २००८) या भागात संगीत व्यवसायातले झगमगीत आयुष्य सोडून कडव्या हसिदी ज्यू पंथात आलेली तरुणी लग्नाच्याच दिवशी कोसळते. माणसे बदलत नाहीत, असा हाऊसचा सिद्धान्त. तेव्हा इतका मोठा बदल हाच रोग असणार असे धरून तो तिचे धर्मांतर लक्षणांच्या यादीत घालतो. तपास त्यामुळे मेंदूकडे वळतो आणि भरकटतो. प्रत्यक्षात आजार असतो साधा यांत्रिक. उभी राहिली की तिचे मूत्रपिंड जागेवरून खाली सरकते. धर्मांतराशी त्याचा काडीचा संबंध नसतो.

पाचव्या पर्वातील ‘अनफेथफुल’ (१६ फेब्रुवारी २००९) हा या विषयावरचा मालिकेतला सर्वांत कसदार भाग आहे. डॅनियल ब्रेसन हा कॅथलिक धर्मगुरू बेघरांच्या निवाऱ्यात काम करतो. एका मुलाचे लैंगिक शोषण केल्याचा आरोप त्याच्यावर झाला होता. तेव्हापासून त्याला एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलवत ठेवले आहे. तो गुन्हा नाकारतो. देवावरचा त्याचा विश्वास केव्हाच उडाला आहे. केवळ दुसरे काही येत नाही म्हणून झगा अंगावर आहे. एका रात्री दारू प्यालेला असताना त्याला दारात रक्ताळलेला येशू दिसतो आणि तो रुग्णालयात येतो. हाऊसला तो आवडतो, कारण धर्मगुरूच्या वेषात त्याला आपलाच एक जातभाई सापडला आहे.

मग लक्षणे वाढत जातात, पायाचे एक बोट गळून पडते, एड्सचा संशय येतो. लागण झाली असण्याची शक्यता म्हणून त्या जुन्या आरोपातील मुलाला सावध केले जाते. निदान मात्र जुळत नाही. अखेर हाऊसला सुचते की येशूचे दर्शन यादीतून काढून टाकायला हवे. तो दारूचा आणि थकव्याचा परिणाम होता, रोगाचे लक्षण नव्हे. ते एक लक्षण पुसले की उरलेली सगळी एका सूत्रात बसतात : विस्कॉट-ऑल्ड्रिच, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा एक जन्मजात आनुवंशिक विकार. एड्स नाही. आणि तो मुलगा, आता तरुण, खाटेजवळ येऊन ब्रेसनची क्षमा मागतो.

दोन्ही भागांत निदानाच्या आड आली ती हाऊसचीच धर्मचिकित्सा. श्रद्धा म्हणजे लक्षण, असे मानणाऱ्या डॉक्टरला श्रद्धा यादीबाहेर काढल्यावरच रोग दिसतो. अनुभवाची एखादी गोष्ट रोगाची खूण नसूही शकते, हे मान्य करणे त्याला वैद्यकीय गरज म्हणून भाग पडते. ती खरी आहे असे मानावे लागत नाही. फक्त फळ्यावरून उतरवावी लागते.

आता ब्रेसनचे पाहू. दर्शन झाले नसते तर तो रुग्णालयात आला नसता. आला नसता तर आजार कळला नसता, एड्सचा संशय आला नसता, मुलाला कोणी गाठले नसते आणि क्षमेचा प्रसंग घडला नसता. निदानासाठी निरुपयोगी ठरलेली गोष्टच सगळ्या साखळीची पहिली कडी आहे. इतके योगायोग एका रांगेत पाहून ब्रेसनचा विश्वास परत येऊ लागतो. हाऊसला ते योगायोगच वाटतात. दोघांपुढची माहिती शब्दशः एकच आहे, आणि मालिका कोणाच्याही पारड्यात वजन टाकत नाही. हाऊस मात्र त्या संध्याकाळी एकटा पडतो. त्याची वरिष्ठ लिसा कडी हिने दत्तक घेतलेल्या मुलीच्या नामकरणाचा ज्यू विधी आहे, मित्र-सहकारी तिकडे जमले आहेत, आणि तो घरी पियानोवर बसला आहे.

सत्त्याण्णव सेकंद आणि दोन गोळ्या

श्रद्धेशी भांडण उकरून काढण्याची ही खोड हाऊसला का आहे, याचे उत्तर दोन भाग जोडून पाहिले तर मिळते. ‘थ्री स्टोरीज’ (१७ मे २००५) या भागात, ज्याच्या लेखनासाठी शोरला एमी पुरस्कार मिळाला, आपल्याला कळते की पायाच्या आजारपणात हाऊसचे हृदय काही काळ थांबले होते. तेव्हा दिसलेली दृश्ये ही मेंदूतली रासायनिक उलथापालथ होती असे तो सांगतो, आणि पुढे एक कबुली देतो : हे आयुष्य म्हणजे कुणी घेतलेली परीक्षा नाही, असे मानण्यात त्याला अधिक दिलासा वाटतो. ‘दिलासा’ हा निकष श्रद्धाळू माणसाने वापरला की हाऊस त्याला फाडून खातो. स्वतःसाठी तो निकष त्याने राखून ठेवला आहे.

‘नाइन्टी-सेव्हन सेकंड्स’ (९ ऑक्टोबर २००७) मध्ये हे टोकाला जाते. एक माणूस त्याच्यासमोरच विजेच्या प्लगमध्ये सुरी खुपसतो. अपघातात तो सत्त्याण्णव सेकंद मृतवत होता आणि ते आयुष्यातले सर्वांत सुंदर क्षण होते, ते त्याला पुन्हा हवे आहेत. दुसरीकडे मुख्य रुग्ण स्टार्क हा स्नायू झिजवणाऱ्या जन्मजात विकारामुळे लहानपणापासून चाकांच्या खुर्चीला खिळलेला, मदतीला एक कुत्रा. मरणानंतर काही चांगले असेल या आशेने तो पुढचे उपचार नाकारू लागतो तेव्हा हाऊस त्याच्यावर तुटून पडतो. मरणापलीकडे काही नाही, हे त्याला आत्ताच मान्य करायला लावायचे आहे. मरणाऱ्या माणसाचा आधार काढून घेऊन तुला काय मिळते, असा विल्सनचा सवाल. मग हाऊस स्वतःच प्लगमध्ये सुरी खुपसतो. त्याला काय दिसले, हे प्रेक्षकाला कळत नाही.

स्टार्क मरतो. का मरतो, हे नीट पाहावे. त्याला जंतांचा संसर्ग होता, निदान वेळेवर सुचले होते, गोळ्याही दिल्या होत्या. ‘थर्टीन’ या टोपणनावाने ओळखली जाणारी नवी डॉक्टर गोळ्या देऊन निघून गेली. त्याने त्या गिळल्या का, हे तिने थांबून पाहिले नाही. गोळ्या पडल्या आणि कुत्र्याने खाल्ल्या. कुत्र्याला ते औषध सोसले नाही, आणि माणसाला ते मिळालेच नाही.

परलोकाच्या वादात तिन्ही बाजूंनी इतकी बुद्धी खर्ची पडली आणि रुग्ण गेला तो दोन मिनिटे खाटेशी न थांबल्यामुळे. हा विरोध लेखकांनी कुणाच्याही तोंडी घातलेला नाही, पण भागाची रचनाच ते सांगते. हाऊस शवागारात त्या देहापुढे उभा राहून, आपण आधीच सांगितले होते, अशा अर्थाचे बोलतो तेव्हा त्याचे म्हणणे कदाचित खरेही असेल. पण ऐकायला कुणी नाही.

नवस, संमती आणि पाप

सातव्या पर्वातील ‘स्मॉल सॅक्रिफायसेस’ (२२ नोव्हेंबर २०१०) मधील रमॉन सिल्व्हा दर वर्षी स्वतःला खिळे ठोकवून क्रूसावर चढवून घेतो. मुलगी कर्करोगातून वाचावी म्हणून तो देवाला बोलला होता, ती वाचली, आणि तो ते फेडतो आहे. इंग्रजी मालिकेत याला ‘सौदा’ म्हणतात. आपल्याकडे याला नवस हा नेमका शब्द आहे. उपचारासाठी मूलपेशी वापरायला तो धर्माच्या कारणाने नकार देतो. हाऊस या वेळी श्रद्धेशी वाद घालत नाही. तो खोटेच सांगतो की मुलीचा कर्करोग उलटला आहे. म्हणजे देवाने आपली बाजू मोडली, तेव्हा नवस संपला. बाप उपचाराला तयार होतो आणि बरा होतो.

प्राण वाचले, हे खरे. पण हाऊसने इथे जे केले त्याला आपल्याकडे काय म्हणतात? दैवाच्या नावाने भीती घालून घाबरलेल्या बापाकडून हवे ते करवून घेणे. ही भोंदू बुवाचीच रीत आहे, फरक एवढाच की इथला बुवा पैसे घेत नाही आणि औषध खरे देतो. संशयवादाची नैतिक बैठक अशी असते की माणसाला खरी माहिती मिळावी आणि त्यावरून त्याने स्वतः ठरवावे. ती बैठकच हाऊसने काढून घेतली. खोटे कळल्यावरही सिल्व्हाची श्रद्धा ढळत नाही. त्याला या सगळ्यातही देवाचाच हात दिसतो. चिकित्सेने फसवणुकीचा आधार घेतला की ती श्रद्धेला धक्काही लावू शकत नाही, उलट तिला आणखी एक आख्यायिका पुरवते.

फळ्यावर ज्याला जागाच नाही अशी आणखी एक गोष्ट चेसच्या वाट्याला येते. सहाव्या पर्वात, २००९ च्या ऑक्टोबरमध्ये दाखवलेल्या भागांत, डिबाला या आफ्रिकी हुकूमशहावर उपचार करताना चेस जाणूनबुजून चाचणीच्या निकालात फेरफार करतो आणि तो मरतो. हा माणूस जगला असता तर नरसंहार झाला असता, असे त्याचे म्हणणे. फोरमन पुरावा नष्ट करतो. प्रकरण मिटते, चेस मिटत नाही. तो चर्चमध्ये कबुलीजबाबासाठी जातो. धर्मगुरू त्याला सोपी सुटका देत नाही. आधी गुन्हा कबूल करून स्वाधीन हो, असे सांगतो. अपराधाला औषध नाही, हे विज्ञानाचे अपयश नव्हे, ते त्याचे क्षेत्रच नाही. आणि धर्माकडे गेलेल्या माणसालाही तिथे अफू मिळत नाही, कठोर अट मिळते. धर्म म्हणजे दुबळ्यांची कुबडी, या हाऊसच्या लाडक्या सिद्धान्ताला मालिकेने दिलेले हे सर्वांत सणसणीत उत्तर आहे.

आपल्याकडून पाहताना

मालिकेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तिच्यातली श्रद्धा बहुतेक ख्रिस्ती किंवा ज्यू आहे, आणि ती एकेकट्या माणसाच्या मनातली धारणा आहे. श्रद्धेचा बाजार, त्यातला पैसा, राजकीय आश्रय, जमाव या गोष्टी जवळजवळ येतच नाहीत. बॉइडच्या सभा दिसतात, पण त्या सभांना जाऊन औषध सोडून दिलेल्यांचे काय झाले, हे आपण पाहत नाही. श्रद्धा या रुग्णालयात नेहमी खाटेवर झोपून येते, अंगात अंगरखा आणि हाताला सलाइन. हाऊस काठी टेकत का होईना, उभा असतो.

महाराष्ट्रात हा वाद खाटेबाहेर लढला गेला. डॉ. नरेंद्र दाभोलकर हेही वैद्यकीय पदवीधर. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. समितीचा विरोध देवाधर्माला नसून त्यांच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांच्यातली सीमारेषा कुठे ओढायची यावर आपल्याकडे भरपूर वाद झाला, आजही होतो. हाऊसला असा भेदच ठाऊक नाही. त्याच्या लेखी आजारी जोगिणीची प्रार्थना आणि सभेतला स्पर्शोपचार एकाच रकान्यातले. आणि त्याला त्याची किंमतही मोजावी लागत नाही. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालण्यात आल्या. जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम त्यानंतर त्याच महिन्यात निघाला. बुवा-बाबांनी पिडलेल्या माणसांमध्ये हिंडणाऱ्या चिकित्सकाला समोरच्याशी संयमाने बोलावे लागते, कारण त्याला त्याच माणसांसोबत राहायचे असते. हाऊसच्या तुसडेपणाची चैन रुग्णालयाच्या भिंतींनी त्याला मिळवून दिली आहे.

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. दोन चिकित्सा एकमेकींच्या आड येतात का? मालिकेचे उत्तर मला असे दिसते : तांबी, विषाणू, सरकलेले मूत्रपिंड शोधताना संशय हाच हाऊसचा एकमेव सोबती आहे, आणि तिथे त्याने कणभरही सूट देऊ नये. पण तोच संशय रुग्णाच्या जगण्याच्या आधाराकडे वळला की त्याचे निदान चुकते, त्याला खोटे बोलावे लागते किंवा रुग्ण हातचा जातो. धर्माची चिकित्सा करूच नये असा याचा अर्थ नाही. ती करायची तर निरोगी, उभ्या, प्रत्युत्तर देऊ शकणाऱ्या माणसांशी करावी, सभेत करावी, छापून करावी. खाटेजवळचे काम वेगळे आहे. तिथे आस्तिक आणि नास्तिक डॉक्टरला सारखीच एक गोष्ट करायची असते : रुग्णाने गोळी गिळली का, ते थांबून पाहणे.